‘वन्समोअर’ : एका गौरवशब्दाचा अर्थविचार

१

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ‘वन्समोअर’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा स्वतंत्र विचार करावयास हवा, हेच सहसा ध्यानात येत नाही. अमुक पदाला तीन वन्समोअर मिळाले, तमुक नटाने सहा वन्समोअर घेतले, अशा नोंदी आठवणींच्या पुस्तकांतून, नटांच्या चरित्रांतून आणि जुन्या प्रयोगवृत्तांतून विपुल आढळतात. नाट्येतिहासाचे अभ्यासक या नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग करतात. परंतु हा पुरावा नेमका कशाचा, नाटकाच्या यशाचा, नटाच्या योग्यतेचा, की आणखी कशाचा, हे ठरविण्यासाठी प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे.

शब्द उघडच इंग्रजी आहे. ‘वन्स’ म्हणजे एकदा आणि ‘मोअर’ म्हणजे आणखी. ‘आणखी एकदा’ हा त्याचा सरळ अर्थ. एवढे सांगून थांबल्यास प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः प्रश्नाला तेथेच आरंभ होतो. इंग्रज प्रेक्षक ज्या प्रसंगी जो शब्द उच्चारतो तो हा नव्हे. आणि मराठी प्रेक्षक हा शब्द ज्या अर्थाने योजतो तो अर्थ ‘आणखी एकदा’ एवढाच नव्हे. इंग्रजीतून उचललेला शब्द, पण इंग्रजीत त्या कामी रूढ नसलेला. अर्थ पुनरावृत्तीचा, पण उपयोग गौरवाचा. या दोन विसंगतींची संगती लावणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

इंग्रजी प्रेक्षागृहात गायकाने गीत पुन्हा म्हणावे यासाठी जी आरोळी रूढ आहे ती ‘आंकोर’ अशी असून हा शब्द मूळ फ्रेंच आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमध्ये इटालियन संगीतिकांची आवड वाढली, त्या काळापासून तो इंग्रजीत दिसू लागतो. १७१२ साली ‘स्पेक्टेटर’ पत्राच्या ३१४ व्या अंकात रिचर्ड स्टील याने छापलेल्या एका पत्रात या नव्या चालीचा उल्लेख आहे. एखादे गीत आवडल्यास रसिक मंडळी ही आरोळी देतात आणि गायक ते गीत पुन्हा गातो, असे पत्रलेखक सांगतो. गंमत अशी की खुद्द फ्रेंच लोक या प्रसंगी ‘आंकोर’ म्हणत नाहीत. ते ‘बिस्’ हा ‘दोनदा’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरतात; इटालियन रसिकही तोच वापरतो. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांकडून असा शब्द घेतला की जो फ्रेंचांच्या प्रेक्षागृहात त्या कामी चालत नव्हता. पुढे मराठी प्रेक्षकाने इंग्रजांच्या बाबतीत नेमके हेच केले.

गौरवाचा शब्द परभाषेतून घेण्याची ही प्रवृत्ती सार्वत्रिक दिसते. परका शब्द रोजच्या बोलण्यातील नसल्यामुळे त्याला प्रसंगाचे वेगळेपण प्राप्त होते. ‘पुन्हा म्हणा’ हे वाक्य मराठीत कोणीही कोणालाही, ऐकू न आल्यास सुद्धा, म्हणू शकतो. शाळेत शिक्षक विद्यार्थ्याला ते म्हणतो, न्यायालयात वकील साक्षीदाराला म्हणतो. ‘वन्समोअर’ मात्र रंगभूमीसमोरच म्हणावयाचा. मराठीत पुनरावृत्ती दर्शविणारा शब्द नव्हता म्हणून इंग्रजी शब्द आला, ही उपपत्ती त्यामुळे टिकत नाही. शब्द होते, हव्या त्या प्रसंगाची खूण त्यांच्यावर नव्हती.

‘आंकोर’ सोडून ‘वन्समोअर’ का, याचे उत्तर शिक्षणाच्या इतिहासात शोधावे लागते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतर जो इंग्रजी शिकलेला वर्ग पुण्या-मुंबईत वाढला, त्याची इंग्रजी ग्रंथांतून आलेली होती. लंडनच्या प्रेक्षागृहाशी तिचा संबंध नव्हता. ‘आंकोर’ हा कानाने शिकण्याचा, अनुनासिक फ्रेंच उच्चाराचा शब्द. ‘वन्स’ आणि ‘मोअर’ हे क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या पानांतले. हा शब्द केवळ मराठीत आढळता तर तो कोणा एकाची लहर मानता आला असता. पण गुजराती, कन्नड आणि तेलुगू रंगभूमीवरही पदाच्या पुनरावृत्तीसाठी हेच दोन इंग्रजी शब्द रूढ झाले. जेथे जेथे पडदे, रंगमंच, तिकीट आणि इंग्रजी शिकलेला प्रेक्षक ही चार अंगे एकत्र आली, तेथे तेथे हा शब्द उगवला.

३

हा शब्द कोणत्या जागी आला हे समजण्यासाठी मराठीत आधीपासून असलेल्या गौरवशब्दांची व्यवस्था पाहिली पाहिजे. त्यासाठी मोठ्या शहरापेक्षा नाटकगृहांच्या वर्तुळाबाहेरचे एखादे गाव अधिक उपयोगी. यवतमाळ जिल्ह्यातील नेर, म्हणजे नेर परसोपंत, हे अमरावती-यवतमाळ मार्गावरील तालुक्याचे गाव या दृष्टीने नमुन्यादाखल घेता येईल. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यापूर्वीही काही शतके तेथील दरबारी व्यवहारावर फारसीची छाया होती. त्यामुळे वऱ्हाडी बोलीच्या गौरवशब्दांत संस्कृत, देशी आणि फारसी असे तिन्ही थर शेजारी शेजारी नांदतात. हे थर उर्वरित महाराष्ट्रातही आहेत. वऱ्हाडात ते अधिक उघडे दिसतात इतकेच.

‘शाबास’ हा शब्द मूळ फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदात राहा’, यावरून आला. हा आशीर्वाद आहे, आणि आशीर्वाद वरून खाली येतो. शंकरपटात जोडी हाकणाऱ्या पोराला वडीलधारी माणसे शाबासकी देतात. गुरू शिष्याला देतो, मालक गड्याला देतो. पण शिष्य गुरूला शाबास म्हणत नाही. म्हटल्यास तो उद्धटपणा ठरतो. ‘भले’ आणि ‘बहाद्दर’ यांची स्थिती बहुधा हीच. ‘धन्य’ हा शब्द याच्या उलट दिशेने, खालून वर जातो. कीर्तनकाराच्या निरूपणाने भारावलेला श्रोता धन्य म्हणतो, तेव्हा तो स्वतःला लहान करून घेतो, आणि पुष्कळदा श्रवणाने आपणच धन्य झालो असे सुचवितो. ‘जयजयकार’ हा देवाचा आणि राजाचा. तेथे व्यक्तिगत पसंतीला जागाच नाही. ‘वाहवा’ हा समानांचा शब्द. तो बैठकीतला आहे, जाणकाराने जाणकाराला द्यावयाचा. ज्याला स्वरांतले किंवा शब्दांतले मर्म कळत नाही त्याने वाहवा म्हटल्यास बैठकीत माना वळतात.

या सर्व शब्दांना दर्जा आहे. बोलणारा कोण आणि ज्याला बोलावयाचे तो कोण, हे ठरल्याशिवाय त्यांपैकी एकही उच्चारता येत नाही. पुनरावृत्तीची मागणीही जुन्या करमणुकीत होती, पण तिलाही हाच नियम लागू होता. तमाशात ‘फर्माईश’ होते. फर्माईश करणारा एक असतो, त्याला नाव असते आणि त्याच्या हातात पैसा असतो. दौलतजादा करणाऱ्याचे नाव फडावर पुकारले जाते आणि त्याच्या मर्जीची लावणी पुन्हा होते. तेथे पुनरावृत्ती विकत घेतली जाते. शेजारी बसलेल्या गरीब प्रेक्षकाला तीच लावणी तितकीच आवडली असली तरी त्याच्या आवडीला आवाज नसतो.

उर्दू मुशायऱ्यात पुनरावृत्तीसाठी ‘मुकर्रर’ हा शब्द आहे. तो वऱ्हाडातील सुशिक्षितांच्या कानांवर असणे शक्य होते. तरीही नाटकगृहात तो आला नाही. याचे एक कारण शब्दकोशात सापडते. अरबीत दोन वेगळे शब्द आहेत. कंठ्य ‘क’काराचा एक ‘ठरविलेला, नियत’ या अर्थाचा, आणि साध्या ‘क’काराचा दुसरा ‘पुन्हा केलेला’ या अर्थाचा. मराठीत हा उच्चारभेद टिकत नाही. पहिला शब्द ‘मुक्रर’ या रूपाने दफ्तरी भाषेत अगोदरच स्थिर झाला होता. दिवस मुक्रर करणे, वेतन मुक्रर करणे हे प्रयोग परिचित होते. त्याच ध्वनीवर विरोधी भावनेचा दुसरा अर्थ बसणे अवघड होते. पुढे सुरेश भट यांच्यामुळे मराठी गझलेची लोकप्रियता वाढली, तेव्हा ‘इर्शाद’ आणि ‘मुकर्रर’ हे शब्द गझलेच्या मैफलीपुरते मराठीत आले, पण तोवर रंगभूमीवरील जागा भरली होती.

४

ती जागा कोणती? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी केलेला ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग संस्थानिकाच्या आश्रयाने झाला होता. तिकिटावर चालणारी नाटकमंडळी ही पुढची अवस्था. आश्रयदात्याच्या दरबारात गौरवाचा अधिकार एकाचा असतो. तो शालजोडी देतो, बिदागी देतो, आणि इतरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून माना डोलवावयाच्या असतात. तिकिटाच्या नाटकगृहात असा एक पुरुष नाही. पुढच्या खुर्चीवरील वकील आणि मागच्या स्वस्त जागेवरील विद्यार्थी यांच्या तिकिटांत फरक असेल. अंधारात दिलेल्या आरोळीत फरक नसतो.

या नव्या समुदायाला असा गौरवशब्द हवा होता की जो वरून खाली येत नाही, खालून वर जात नाही आणि जाणकारीचा दाखलाही मागत नाही. बालगंधर्वांना ‘शाबास’ म्हणण्याचा अधिकार किती प्रेक्षकांना होता? ‘वाहवा’ म्हणण्याइतके रागज्ञान किती जणांना होते? ‘वन्समोअर’ मात्र कोणीही म्हणावा. त्या शब्दात नटाची पायरी ठरत नाही आणि प्रेक्षकाचीही ठरत नाही. परभाषेतला असल्यामुळे मराठीतील आदरार्थी-अनादरार्थी रूपांच्या कचाट्यातून तो सुटला आहे. ‘पुन्हा म्हण’, ‘पुन्हा म्हणा’, ‘पुन्हा म्हणावे’ यांतून एक रूप निवडावेच लागते. ‘वन्समोअर’ला क्रियापदच नाही. मराठीतील बहुधा हा पहिला दर्जामुक्त गौरवशब्द होय, आणि त्याचे खरे महत्त्व येथे आहे.

फर्माईशीशी त्याची तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. फर्माईश एकाची, वन्समोअर अनेकांचा. फर्माईश नाव लावून होते, वन्समोअर निनावी असतो. फर्माईशीला वेगळा पैसा पडतो, वन्समोअर तिकिटातच येतो. म्हणून एकट्याने दिलेला वन्समोअर हा वन्समोअर होत नाही. इतर आवाज मिळाले नाहीत तर तो तेथेच विरतो. हा शब्द सिद्ध होण्यासाठी बहुमत लागते. ज्या समाजात मताधिकार अद्याप मूठभरांचा होता, त्या समाजात नाटकगृहाच्या अंधारात मतदानाची ही तालीम चालत होती असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

५

शब्दाच्या व्याकरणाकडे वळल्यास याहून मार्मिक गोष्ट दिसते. इंग्रजीत ‘आंकोर’ देतो तो गायक, आणि मागतो तो प्रेक्षक. मराठीत ‘वन्समोअर’ देतो तो प्रेक्षक आणि घेतो तो गायक. दिशा पूर्णपणे उलटली आहे. जी मुळात मागणी होती ती मराठीत देणगी झाली. ‘पदाला वन्समोअर मिळाला’ या वाक्यात ‘मिळणे’ हे क्रियापद पारितोषिक मिळणे, मान मिळणे यांच्या पंक्तीतले आहे. एखाद्याला मागणी ‘मिळाली’ आणि त्याला त्याचा आनंद झाला, ही रचना इंग्रजीच्या प्रकृतीला मानवणार नाही. मराठीत ती सहज आहे.

हा साचा मराठीला कोठून मिळाला? ‘दाद’ या शब्दापासून, असे अनुमान सयुक्तिक वाटते. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. मराठीत ‘दाद मागणे’ म्हणजे न्याय मागणे, ‘दाद लागणे’ म्हणजे न्याय मिळणे, आणि ‘दाद देणे’ म्हणजे गुणांची कदर करणे. रसिक दाद देतो आणि कलावंताला दाद मिळते. गुणग्रहण हा एक प्रकारचा न्यायच होय, ही कल्पना या प्रयोगांत गृहीत आहे. ‘वन्समोअर’ या चौकटीत जाऊन बसला. ‘दाद’ स्त्रीलिंगी आणि ‘वन्समोअर’ पुल्लिंगी एवढाच फरक, क्रियापदे तीच. ‘टाळी’ या शब्दाचीही क्रियापदे पुष्कळशी अशीच आहेत : टाळी देणे, टाळी मिळणे, टाळी घेणे.

पण ‘दादे’ला नसलेली एक सोय ‘वन्समोअर’ला आहे. दाद मिळाली की व्यवहार पुरा होतो. वन्समोअर मिळाला तरी घेतला जाईलच असे नाही. ‘पदाला वन्समोअर मिळाला, पण बुवांनी तो घेतला नाही’ हे मराठीत पूर्ण अर्थाचे वाक्य आहे. येथे मिळणे आणि घेणे या दोन क्रियापदांनी शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत. मिळतो तो गौरव. घेतली जाते ती पुनरावृत्ती. मूळ इंग्रजी शब्दांत केवळ दुसरा अर्थ होता, पहिला मराठीने घातला. आणि नट घेण्यास नकार देऊ शकतो, म्हणजे प्रेक्षकाच्या बहुमतासमोर कलावंताचे स्वातंत्र्य भाषेने राखून ठेवले आहे. ते प्रत्यक्षात किती वापरले गेले हा निराळा प्रश्न.

उच्चारातही शब्द पूर्ण मराठी झाला. दोन शब्दांचा एक शब्द झाला, ‘वन्समोर’ असाही तो लिहिला गेला, आणि नणंदेला ‘वन्सं’ म्हणणाऱ्या भाषेत त्याचा पूर्वार्ध घरगुती वाटावा इतका तो परिचित झाला. भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘चित्रपट’, ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’ असे शब्द रंगभूमीच्या आणि पडद्याच्या व्यवहारात रुजविले. ‘वन्समोअर’च्या जागी मात्र कोणताही पर्याय प्रेक्षागृहात रुळला नाही. पारिभाषिक शब्द समिती घडवू शकते. आरोळी समितीला घडविता येत नाही.

६

येथवर शब्दाचा गुणपक्ष झाला. समीक्षेच्या दृष्टीने त्याचा दुसरा पक्ष तितकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक गौरवशब्दाचे एक लक्ष्य असते. ‘शाबास’ माणसाला उद्देशून असतो, ‘वाहवा’ क्षणाला, ‘धन्य’ आयुष्याला. ‘वन्समोअर’चे लक्ष्य सुटी कृती हे आहे. जे पुन्हा करता येते त्यालाच वन्समोअर देता येतो, आणि पुन्हा करता येण्यासाठी ते भोवतालच्या गोष्टींतून सोडविता आले पाहिजे. म्हणून वन्समोअर पदाला मिळतो. नाटकाला कधीच मिळत नाही.

स्टीलच्या ज्या पत्राचा वर उल्लेख आला त्यातील थट्टा याच ठिकाणी बोट ठेवते. ‘हायडास्पीस’ या संगीतिकेत नायक सिंहाशी झुंजून त्याला ठार करतो. पत्रलेखक सांगतो की तो वध इतका आवडला की त्याच्या पुनरावृत्तीसाठी त्याने मोठ्याने आरोळी दिली. गीत पुन्हा होऊ शकते तर वध का नको? प्रश्न हास्यास्पद आहे, आणि त्यामुळेच अचूक आहे. नाटकात एकदा घडलेले पुन्हा घडत नाही, हा नाट्याचा मूलभूत करार. वन्समोअर तो करार मोडतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार स्वतंत्र अध्यायात आला आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’ आणि ‘अहो’ असे उद्गार, करुणप्रसंगी ‘कष्टम्’ हा उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे अर्पण करणे, या सर्वांची तेथे गणना आहे. प्रेक्षकाच्या प्रतिसादाचे इतके बारीक वर्गीकरण करणाऱ्या त्या यादीत पुनरावृत्तीची मागणी मात्र नाही. अलंकारशास्त्रातही पुनरुक्ती हा दोष आहे. भरताच्या प्रेक्षकाने ‘साधु’ म्हणावे आणि प्रयोग पुढे चालावा. प्रतिसादाने प्रयोगाचा प्रवाह मागे वळावा ही कल्पना त्या विचारात बसत नाही.

मराठी संगीत नाटकाच्या रचनेत झालेला बदल या शब्दाच्या साहाय्याने वाचता येतो. किर्लोस्करांच्या नाटकांत पदे पुष्कळ, पण त्यांतील बरीच साकी, दिंडी, कामदा अशा परिचित चालींवरची आणि आटोपशीर होती. ती संवादाचे काम करीत. एका पात्राने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने दिंडीत उत्तर द्यावे, आणि कथानक पुढे सरकावे, अशी ती योजना. अशा पदाची पुनरावृत्ती म्हणजे पात्राने तेच उत्तर दुसऱ्यांदा देणे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नागपुरात जन्मलेले आणि वऱ्हाडात वकिली केलेले नाटककार. त्यांच्या ‘वीरतनया’पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीच्या नव्या चालींचे आकर्षण वाढले. ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी पद रागदारीच्या आवाक्यात आणले. पदांची संख्या घटली आणि प्रत्येकाचा विस्तार वाढला. संवादाचा भाग असलेले पद मैफलीची चीज झाले, म्हणजेच पुन्हा करण्यास योग्य झाले.

येथे कार्यकारणाचा क्रम एकेरी मानू नये. पद सुटे झाले म्हणून वन्समोअर वाढला, हे जितके खरे तितकेच वन्समोअर मिळतो म्हणून नाटककाराने आणि मंडळीने पद सुटे होईल अशा बेताने बसविले, हेही खरे. गौरवशब्द नुसता प्रतिसाद राहत नाही. तो पुढच्या निर्मितीची मागणी नोंदवितो. रुक्मिणी कृष्णाच्या ओढीने गात आहे की बालगंधर्व रसिकांसाठी गात आहेत, हा भेद पहिल्या गायनात झाकलेला राहू शकतो. तिसऱ्या गायनात तो झाकत नाही. तेव्हा रुक्मिणी नाहीशी होते आणि गायक उरतो. ज्या प्रेक्षकाने हे मान्य केले त्याची अभिरुची हीन होती असे नव्हे. त्याला मिळालेले गाणे थोर होते. पण त्यासाठी नाटकाची किंमत मोजली गेली, हे समीक्षेने लपवू नये.

ही तक्रार मराठीपुरती नाही. १७८६ मध्ये व्हिएन्ना येथे मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ या संगीतिकेला इतक्या पुनरावृत्ती पडू लागल्या की सम्राट दुसरा जोसेफ याने एकाहून अधिक कंठांची गीते पुन्हा गाऊ नयेत असा आदेश काढला. मिलानच्या ला स्काला नाटकगृहात १९३३ नंतर एकलगायनाची पुनरावृत्ती झाली ती थेट २००७ साली, पेरूचा गायक हुआन दिएगो फ्लोरेस याने श्रोत्यांच्या आग्रहास मान दिला तेव्हा. योगायोगाने १९३३ हेच वर्ष मराठीत ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे. पदांची रेलचेल टाळून वास्तव नाट्य उभे करण्याचा तो प्रयत्न होता. युरोपात सम्राटाने आणि नाटकगृहाच्या शिस्तीने जे नियमन केले ते मराठीत नाट्यलेखनातील सुधारणेने करू पाहिले. पण मराठी प्रेक्षकाने आपला अधिकार सोडला नाही. १९६० नंतरच्या संगीत नाटकांत तो पुन्हा गाजला. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेले पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक तर गायकांच्या स्पर्धेविषयीच आहे. त्यात पात्राने गाणे हीच नाट्यक्रिया असल्यामुळे वन्समोअर आणि कथानक यांचा कलह बराच सौम्य होतो. मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबाला प्रेक्षकाने पुन्हा गा म्हणणे हे कथेतील दरबारानेच म्हटल्यासारखे होते. नाटककाराने शत्रूला घरात घेतले, ते असे.

७

शब्दाच्या अर्थविस्ताराच्या आणखी काही दिशा थोडक्यात नोंदविता येतील. पहिली उपरोधाची. नटाचा पाय घसरला, मिशी गळाली, वाक्य चुकले, तर मागच्या रांगांतून ‘वन्समोअर’ येतो. ‘शाबास’लाही हा उपरोध परिचित आहे, पण त्यात व्यक्तीचा उपहास असतो, येथे अपघातालाच कला मानण्याचे सोंग केले जाते. दुसरी दिशा कृत्रिमतेची. पॅरिसच्या नाटकगृहांत एकोणिसाव्या शतकात भाडोत्री टाळीवाल्यांची संघटित टोळी असे. बहुमताने सिद्ध होणाऱ्या गौरवाला बनावट बहुमताचा धोका असावयाचाच. तिसरी दिशा रंगभूमीबाहेर जाण्याची. कविसंमेलनात कवितेला, वक्तृत्वसभेत एखाद्या वाक्याला वन्समोअर मिळतो. नेरसारख्या गावांत शब्दाचे आजचे आयुष्य संगीत नाटकापेक्षा शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सव-शारदोत्सवातील कार्यक्रमांत अधिक आहे. मूळ संगीत नाटक न पाहिलेली पिढी हा शब्द मराठीच समजते.

चौथी दिशा यंत्राने आणली. ध्वनिमुद्रिका निघाल्यावर तीन मिनिटांचे पद सुई मागे ठेवून हवे तितक्या वेळा ऐकता येऊ लागले. येथे पुनरावृत्ती आहे, पण गौरव नाही, कारण गायक समोर नाही आणि इतर श्रोत्यांची संमती लागत नाही. चित्रपटात उलट झाले. गौरवाची आरोळी उठली तरी पडदा ऐकत नाही. मराठीने एका शब्दात बांधलेले दोन अर्थ यंत्राने पुन्हा वेगळे केले.

८

कोशात या शब्दाची नोंद करावयाची झाल्यास ‘पुन्हा एकदा’ हा अर्थ प्रथम देणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने योग्य, पण अपुरे ठरेल. प्रेक्षकसमुदायाने एकत्रितपणे दिलेला गौरव (क्रियापदे : देणे, मिळणे, पडणे), त्या गौरवाच्या मान्यतेदाखल केलेली पुनरावृत्ती (क्रियापद : घेणे), उपरोधाने केलेली हेटाळणी, आणि विस्ताराने कोणत्याही सार्वजनिक सादरीकरणास मिळालेली विशेष पसंती, असे चार अर्थ क्रियापदांसह वेगळे द्यावे लागतील. प्रत्येक अर्थाला प्रयोगवृत्तांतून आणि बोलींतून उदाहरणे जमविण्याचे काम विद्यार्थ्यांनी जिल्हावार हाती घेण्यासारखे आहे.

नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला या अर्थविचारातून एक सावधगिरी मिळते. जुन्या वृत्तांतात ‘पाच वन्समोअर’ असे वाचले की नाटक यशस्वी झाले असा निष्कर्ष काढण्याची सवय आहे. तो निष्कर्ष शब्दाच्या अर्थाला धरून नाही. पाच वन्समोअर एवढेच सिद्ध करतात की त्या रात्री त्या समुदायाने एका पदाला नाटकातून पाच वेळा बाजूला काढले, आणि नटाने त्याला पाच वेळा संमती दिली. ज्या अंकात वन्समोअर एकही नाही तो अंक पडला होता, की तो इतका एकजीव होता की त्यातून काही सुटे काढता आले नाही, हे वन्समोअरच्या गणनेवरून कळत नाही. त्यासाठी संहितेकडे आणि प्रयोगाच्या इतर साक्षींकडेच वळावे लागते. ज्या शांततेला मराठीत अद्याप गौरवशब्द नाही, तिचीही नोंद नाट्यसमीक्षेने कोठे तरी करून ठेवली पाहिजे.